मुकादम आणि पाच-नऊ

माझ्या वडिलांचा आवाज अडीच महिने कुणापर्यंत पोचत नव्हता, आणि त्याला जबाबदार मी आहे. त्या अडीच महिन्यांत त्यांनी एकदा मला एक गोष्ट विचारली. मला ती ऐकूच आली नाही, आणि त्यांनी समज करून घेतला की लेक नाही म्हणाली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही शहाणपणा पाजळला तरी तुम्ही मला फार डोक्यावर घेणार नाही.

मी त्रिशला मगदूम. पुण्यात एका कंपनीत आहे. आम्ही गावोगावच्या पाणी योजनांसाठी एक डबा बनवतो. अशा योजनेत एक पंप तीस वर्षांपूर्वीचा असतो, दुसरा कोरियाहून आलेला, व्हॉल्व्ह तिसऱ्याच ठेकेदाराचे आणि टाकीवरचा मापक चौथ्याचा. कुणाचा कुणाला मेळ नाही. मॅन्युअल हरवलेली, बनवणाऱ्या कंपन्या बुडालेल्या. पूर्वी असं सगळं फेकून नवं घ्यायचे. आमचा डबा मधे बसतो आणि आधी काही दिवस नुसता ऐकतो. कुठल्या तारेतून कधी काय जातं, कुठलं बटण दाबलं की कुठला आकडा हलतो, हे बघत राहतो. मग हळूच स्वतः एखादं बटण दाबून बघतो. लहान मूल घरातली माणसं जशी ओळखायला लागतं तसं. पंधरा दिवसांत त्याला प्रत्येक यंत्राची बोली येते आणि तो सगळ्यांना एका कामाला लावतो.

त्याला सांगायचं फक्त एवढंच, की शेवटच्या नळाला पाणी पुरेसं पोचलं पाहिजे आणि वीज कमीत कमी लागली पाहिजे. पाणी पुरेसं पोचतंय म्हटल्यावर तो पंप जरासा हळू करतो. अजून पुरतंय? अजून जरा हळू. कमी पडलं, की लगेच वाढवतो. निम्मी वीज वाचते. आमच्या डब्याचं फार कौतुक झालं, मला एक ढालही मिळाली. ती सध्या दार आपटू नये म्हणून लावलेली असते.

माझे वडील गडहिंग्लजला असतात. पायगोंडा मगदूम, पण अख्खा गाव आप्पाच म्हणतो. साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. वय शहात्तर. विशीपासून हॅम, म्हणजे हौसेपोटी स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणारे सरकारी परवान्याचे गडी. आता फोन सरळ उपग्रहाशी बोलतात, कुठल्याही दरीत रेंज असते, मग हे कशाला, असं लोक विचारतात. आप्पा म्हणतात, "फोनवर ज्याला लावायचा त्यालाच लागतो. हितं कोण भेटंल सांगता येत न्हाई."

त्यांच्या रेडिओच्या खोलीत चार म्हाताऱ्या वस्तू. जपानी सेट दुसऱ्या हाताचा. आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला, दोन लठ्ठ काचेच्या व्हॉल्व्हचा. अँटेना आणि सेट यांची जुळवणी करणारा ट्यूनर लष्कराच्या भंगारातला. गच्चीवरची अँटेना फिरवणारी मोटर इटलीची. फ्रिक्वेन्सी बदलायची म्हटलं की आप्पांनी चार ठिकाणी हात लावायचा, एक सुई बघत दुसरी चकती फिरवायची. एक पायरी चुकली की अँप्लिफायरमधून वास यायचा. गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा त्यांचा हात थरथरताना दिसला. ट्यूनरची चकती दोनदा पुढं गेली.

"चौघंबी चार गावची," आप्पा हसत म्हणाले. "एकाचं दुसऱ्याला कळत न्हाई. मी आपला मधी हमाल."

"मी तुम्हाला मुकादम आणून देते," मी म्हटलं.

आणि दिला बसवून. आमचाच डबा. दोन आठवड्यांत त्यानं चौघांना असं वळण लावलं की आप्पा हॅम मंडळींच्या रोजच्या बैठकीसाठी नुसतं 'सकाळचं नेट' म्हणाले की सेट जागा व्हायचा, ट्यूनर आपोआप जुळायचा, अँप्लिफायर तापायला लागायचा. छोट्या पडद्यावर एक हिरवा दिवा लागायचा, म्हणजे सगळं ठीक. आप्पांनी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना बोलावून बोलावून दाखवलं. "पोरीनं बसवलंय," एवढंच म्हणायचे आणि बाजूला उभे राहायचे.

एकच अडचण होती. पाणी पुरेसं पोचलं हे टाकीवरचा मापक सांगतो. आवाज पुरेसा पोचला हे कोण सांगणार? ते फक्त पलीकडचा माणूस सांगू शकतो. हॅम लोकांत त्याची रीतच आहे. ऐकणारा दोन आकडे सांगतो. पहिला पाचपैकी, शब्द किती कळले. दुसरा नऊपैकी, आवाज किती जोरात आला. पाच-नऊ म्हणजे उत्तम. मग काय, मी डब्याला मराठी आकडे ओळखायला शिकवले आणि सांगितलं, सगळ्यांकडून पाच-नऊ आलं की ताकद जराशी उतरव, कुणी कमी सांगितलं की चढव. लागेल तेवढीच ताकद वापरावी, हा हॅम लोकांचाही दंडकच आहे. मला वाटलं, काय नेटकं काम केलंय.

आता आमच्या सकाळच्या नेटविषयी. रोज सात वाजता मिरजेचे तांबोळीकाका हजेरी घेतात. सतारी बनवणारं घराणं, कान असा की तार किती उतरली ते फोनवरून सांगतील. वेंगुर्ल्याच्या फर्नांडिसबाई असतात, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. असे पंधरा-वीस जण. मीही पुण्यातून, बाल्कनीत ताणलेल्या तारेवर, एकीकडं जेवणाचा डबा भरत. प्रत्येकानं हवा सांगायची, ख्यालीखुशाली सांगायची, आणि दुसऱ्याला म्हणायचं, पाच-नऊ.

कसंही ऐकू आलं तरी पाच-नऊ.

आमच्यात ते आता नमस्कारासारखं झालंय. 'तीन-चार' म्हणणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी भाजी अळणी आहे म्हणण्यासारखं. आप्पांसारख्या वडीलधाऱ्याला तर कोण म्हणेल? मला हे माहीत होतं. वीस वर्षं मी स्वतः हेच करत आलेय. आणि डब्याचा तो नियम लिहिताना हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. हुशार बाई!

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तांबोळीकाकांचा फोन आला.

"त्रिशला, आप्पा बारा दिवस नेटवर नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

"घसा बसलाय म्हणत होते काका. रविवारी बोलले मी."

"बारा दिवस घसा?" काका म्हणाले. "एक सांगू का बेटा, रागावू नकोस. हल्ली त्यांचा आवाज फारच बारीक झालाय. मला वाटतं थकलेत. मी आपला अंदाजानं उत्तर देत होतो."

"मीसुद्धा," मी म्हटलं.

खरंच, दोन-अडीच महिने आप्पा म्हणजे नुसती खरखर होती. त्या खरखरीत कुठंतरी 'सुप्रभात' असायचं, पारा असायचा, 'डबा केलास का' असायचं. माझं मन बाकीचं भरून घ्यायचं. पन्नास वर्षं एकच माणूस रोज तेच बोलतो म्हटल्यावर ऐकायची गरजच काय! बँड खराब असेल, आज लहरी नीट येत नसतील, असं म्हणून मी पोळी उलटायचे.

मंगळवारी दुपारी मी गडहिंग्लजला पोचले. आप्पांनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. पण एरवी मी आले की 'चल तुला एक गंमत दाखवतो' म्हणून थेट रेडिओच्या खोलीत नेतात, ते नेलं नाही. सेटवर पंचा टाकलेला होता. मुकादमाचा हिरवा दिवा पंच्याखालून दिसत होता.

"काय झालंय आप्पा?"

"कुठं काय?"

"नेटवर का येत नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग एकदम म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगितलं, त्याचं उत्तर सगळ्यांसमोर मिळालं. विषय संपला. तुझ्या मनाविरुद्ध मी काय करणार न्हाई. आता ते उकरू नको बघ."

काय सांगितलं? कसलं उत्तर? मला ओ की ठो कळलं नव्हतं. त्या क्षणी 'आप्पा, मला ऐकूच आलं नाही' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मी काय केलं? मान हलवली. आणखी एक पाच-नऊ दिला.

पाच वाजता आप्पा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले आणि मी पंचा काढला. मुकादम प्रत्येक दिवसाची नोंद ठेवतो. ती उघडली आणि मी खाली जमिनीवरच बसले.

दिवाळीत चारशे वॅट. मग रोज शंभरातले पाच-सहा कमी. कारण रोज सगळ्यांकडून पाच-नऊ. डिसेंबरात ऐंशी वॅट. जानेवारीत अँप्लिफायर बंदच केलेला, हवाय कशाला? फेब्रुवारीत सेटचं ताकदीचं बटण तळाला गेलं, तेव्हा पठ्ठ्यानं माइकचा आवाजच उतरवायला सुरुवात केली होती. मी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानं शोधून काढलं. शेवटच्या दिवशी आप्पा अर्ध्या वॅटपेक्षा कमी ताकदीवर बोलत होते. खेळण्यातल्या दिव्याला याहून जास्त लागते. त्यांना सगळे खणखणीत ऐकू येत होते, ते मात्र कुणाला नाही. आणि समोर हिरवा दिवा.

मी आधी फोन शोधला. कारण पुढच्या महिन्यात आमची कंपनी हाच डबा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात बसवणार होती. पंखा, औषधं, नर्सच्या फेऱ्या, सगळं एकत्र चालवायला. रोज सकाळी डबा विचारणार, 'आज कसं वाटतंय?' आणि उत्तर 'बरं आहे' आलं की हळूहळू फेऱ्या कमी करणार. हा नियमही माझाच. आपल्याकडं कुठला म्हातारा माणूस 'बरं नाही' म्हणतो? मी तिथूनच साहेबांना निरोप धाडला, हे थांबवा, माझं चुकलंय, परत आल्यावर सांगते.

मुकादम आकडे ओळखण्यासाठी आवाजही साठवून ठेवतो. मी शेवटची सकाळ काढली आणि कानाला लावली. आप्पांचा आवाज थेट माइकवरचा होता, स्वच्छ, जवळचा. रेडिओवरचा असा किती महिन्यांनी ऐकत होते मी तो.

"सुप्रभात मंडळी. हवा कोरडी, पारा एकवीस. आता एक घरगुती बातमी हाय." मग मोठा श्वास. "तुमच्यातले लई जण माझ्या इंदुमतीला ओळखत हुते. ती जाऊन नऊ वर्षं झाली. हितल्या सरकारी दवाखान्यातनं निवृत्त झालेल्या नर्सबाई हायत, सरोज नलवडे. आमी दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. नोंदणी कचेरीत नोटीस दिलीया, एकोणीस तारखेला गुरुवारी बोलावलंय. तीन साक्षीदार लागतात. तांबोळी, तुमी यावं. फर्नांडिसबाई, जमलं तर तुमी. आणि तिसरी त्रिशला. त्रिशला, फोनवर सांगायला जीभ उचलंना गं. तुझं जे काय असंल ते मोकळेपणानं सांग. तू नको म्हणालीस तर नको. ओव्हर."

आणि पाठोपाठ आमची उत्तरं.

तांबोळीकाका: "वा आप्पा, पाच-नऊ! आमच्याकडं ढगाळ."

फर्नांडिसबाई: "पाच-नऊ आप्पा. या वयात जपून हं, काळजी घ्या."

मग मी, भांड्यांच्या आवाजातून: "पाच-नऊ आप्पा! तुमचं आपलं रोज तेच. घ्या आता चहा, आणि मला पळू द्या."

मी ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा शरमेनं मेले. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा, खरं सांगते, राग आला. लग्न? शहात्तराव्या वर्षी? भिंतीवर आईनं डकवलेली जगभरच्या हॅम मंडळींची कार्डं होती. आप्पा बोलायचे आणि पत्ते आई लिहायची, तिच्या त्या उभ्या अक्षरात. मी त्या भिंतीकडं बघितलं आणि म्हटलं, कुठली कोण सरोज नलवडे!

आणि त्याच पावली एक घाण विचार आला. उत्तर तर गेलेलंच आहे. मी काही बोललेच नाही तर? आप्पांनी विषय संपवलाय, परवा गुरुवार, तो गेला की झालं. मी एकही शब्द वाईट बोललेली नाही. मशीननं परस्पर माझं काम केलंय. मी फक्त चूप बसायचं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात साठीच्या पुढच्या एक बाई, उंच, हातात कागदांची फाईल. "आप्पा नाहीत का? तू त्रिशला ना? मी सरोज. त्यांची ही टिपणं परत द्यायची होती. हॅमच्या परीक्षेचं शिकवत होते मला." फाईल माझ्या हातात ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी 'या' म्हटलं नव्हतं.

"परीक्षा नाही देणार?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"आता कुठली. शुक्रवारी भाच्याकडं हुबळीला चाललेय. तिकडंच राहीन आता, घर सोडलंय इथलं." मग त्या सरळ माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. त्यांनी मला सांगितलं, मुलीची इच्छा नाही. मी म्हटलं, मग नको. आईवर जीव असलेली मुलगी आहे, तिनं असं म्हटलं नसतं तरच नवल. फक्त एक कर. त्यांना सकाळच्या गोळीनंतर चक्कर येते. ते तुला 'बरं आहे' म्हणतील. विश्वास ठेवू नकोस."

आणि गेल्या. फाटकाची कडी आवाज न करता लावून गेल्या. मी फाईल उघडली. ट्यूनरची आकृती काढलेली होती आणि खाली बाईंच्या अक्षरात प्रश्न, 'हे मला अजून कळलेलं नाही. उद्या परत विचारणे.' पुढच्या पानावर, 'अजूनही कळलेलं नाही.' त्याच्या पुढच्या पानावर, 'कळलं!'

माझ्या बापाला अख्ख्या जगात एकच माणूस असं भेटलं होतं, जे त्यांना 'कळलं नाही' म्हणत होतं.

आप्पा आले तेव्हा मी स्वयंपाकघरात पिठलं ढवळत होते. त्यांची पाठ फिरलेली असतानाच मी बोलून टाकलं, नाहीतर परत जमलं नसतं.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नव्हतं. आत्ता मघाशी ऐकलं. मुकादमानं साठवलेलं."

ते वळले.

"त्या दिवशीच नाही. दोन-अडीच महिने नीट काही ऐकू येत नव्हतं. मलाच नाही, कुणालाच. मुकादम रोज तुमचा आवाज उतरवत होता, कारण आम्ही रोज पाच-नऊ म्हणत होतो."

"ऐकू येत नव्हतं, तर पाच-नऊ कशाला म्हणालीस?"

"सवयीनं."

"मी विचारायचो, पुण्यात पारा किती? सांगायचीस की."

"तुम्ही रोज तेच विचारता आप्पा."

ते स्टुलावर बसले. पिठलं खाली लागायला लागलं, मी गॅस बंद केला.

"म्हंजे अडीच म्हैने मी भिंतीशी बोलत हुतो," ते म्हणाले. "आणि भिंत मला पाच-नऊ म्हणत हुती."

"आप्पा, पण तुम्हाला दिसलं कसं नाही? अँप्लिफायरची सुई..."

"दिसत हुती की गं! रोज जराशी खाली. जानेवारीत तर हलंनाच. मला कळंना व्हय? चाळीस वर्षं फोरमन हुतो मी. पण म्हटलं लेकीचं मशीन हाय, नव्या पद्धतीचं हाय, तिला जास्त कळतंय. उगंच विचारलं तर तुला वाटंल, म्हाताऱ्याचा विश्वास न्हाई."

हे ऐकल्यावर मात्र मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. त्यांनी मला 'पाच-नऊ' दिला होता, मी त्यांना दिला होता, आणि मधे ते बिचारं मशीन दोघांचं खरं मानून चाललं होतं.

आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मुकादमाला बोल लावू नको. त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं. आपल्या सगळ्यांत तेवढ्यानंच ऐकलं म्हण." आणि त्यांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. मग मलाही आलं. नाक पुसत हसले.

"आता परत विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"जे विचारलं होतं ते."

"ऐकलंयस की मघाशी."

"मशीनकडनं ऐकलं. तुमच्याकडनं नाही."

आप्पा लाजले. शहात्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. खांद्यावरच्या पंच्याची टोकं चाचपत म्हणाले, "तोंडावर मला जमणार न्हाई. तुझ्या आईला मागणी घालायला मी मामाला धाडलं हुतं." मग सुचल्यासारखं उठले. "तू असं कर, तो हातात धरायचा लहान रेडिओ हाय न्हवं, तो हँडसेट घे आणि गच्चीवर जा."

गेले. ऊन उतरायला लागलं होतं, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते. खाली आप्पा मुकादमाच्या तारा काढत असल्याचा खडखडाट आला. आज त्यांना सगळं स्वतःच्या हातानं करायचं होतं. हात थरथरत असणार, चकती पुढं जात असणार. मी थांबले. मग हँडसेट कर्रर्र झाला, आणि त्यातून आप्पांचा आवाज इतक्या जोरात आला की शेजारच्या काकू पापडांवरून माझ्याकडं बघायला लागल्या.

"त्रिशला, आप्पा बोलतोय. एकोणीस तारखेला, परवा, मी सरोज नलवडेंशी लग्न करावं म्हणतोय. तुझं काय म्हणणं हाय? ओव्हर."

मी बटण दाबलं. आणि तोंडाशी आलेलं 'किती छान आप्पा' गिळलं.

"आप्पा, सगळं ऐकू आलं, अक्षर न् अक्षर. मला राग आलाय. तुम्ही ही गोष्ट वीस जणांसमोर सांगितलीत, मला आधी एकटीला सांगायला हवी होती. साक्षीदारांत माझं नाव तिसरं का? आणि मला आईची फार आठवण आली. त्या खोलीत दुसरं कुणी बसलेलं बघायला मला जड जाईल, लवकर जमणार नाही. सरोजबाईंना मी आई म्हणणार नाही. सरोजबाईच म्हणीन. बाई चांगल्या आहेत. आज येऊन गेल्या, तुमच्या चकरांचं सांगून गेल्या, जे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, त्याचाही राग आलाय. शुक्रवारी त्या हुबळीला निघाल्यात, तेव्हा आता घोळ घालू नका. परवा मी साक्षीदार म्हणून येते. तांबोळीकाकांना आणि फर्नांडिसबाईंना मी आत्ता कळवते, आणि त्यांना सांगते की कशाला पाच-नऊ म्हणाले होते ते. ओव्हर."

मी हँडसेट कानाशी हलवून बघितला. काकू तिकडं पापड उचलायचा विसरून उभ्या होत्या.

मग आप्पांचा आवाज आला, भरलेला. "राग आला तरी चालंल गं. उत्तर दिलंस."

मी डोळे पुसून जिना उतरले. आप्पा रेडिओच्या खोलीत पाठमोरे उभे होते, फोन हातात धरून, स्पीकर मोठा करून. त्यांनी काय विचारलं ते माझं ऐकायचं राहिलं, पण सरोजबाईंचा 'हो' मला दारापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

आप्पा फोन आणखी जवळ धरत म्हणाले, "नीट ऐकू आलं न्हाई. परत सांगा."